अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचे शीघ्र निदान : घरगुती तपासणीचे स्थान (जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात)

पन्नाशी उलटलेल्या पुरुषास रात्री वारंवार लघवीस उठावे लागू लागले, की त्याचे कारण वयात शोधावयाचे, आणि कंबर दुखू लागली की ते कष्टात शोधावयाचे, ही रीत खानदेशात, किंबहुना महाराष्ट्रात सर्वत्रच, रूढ आहे. केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या किंवा कपाशीच्या शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्या माणसाची पाठ दुखली तर तिला निराळे कारण असेल, असे कोणास वाटत नाही. हे दोन्ही आडाखे बहुतेक वेळा खरे ठरतात, आणि नेमके त्यामुळेच ज्या थोड्या प्रसंगी ते खोटे असतात ते प्रसंग नजरेतून निसटतात. अष्ठीला ग्रंथीचा, म्हणजेच रुग्णालयांत व लोकांच्या बोलण्यात 'प्रोस्टेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथीचा, कर्करोग हा अशाच निसटणाऱ्या रोगांपैकी एक होय.

दुसऱ्या बाजूने, बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन काही मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या आता बाजारात मिळू लागल्या आहेत. त्यांमुळे हा रोग घरबसल्या ओळखता येतो असा समज पसरण्याचा संभव आहे. एकीकडे उपेक्षा आणि दुसरीकडे उतावीळ विश्वास, अशा या दोन टोकांमध्ये घराचे खरे कार्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. एक ग्रंथी, दोन विकार

अष्ठीला ग्रंथी ही मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गास वेढून असलेली, साधारणतः अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. तिची मागील बाजू गुदाशयास लागून असते. म्हणूनच वैद्यास बोटाने ती चाचपता येते. 'अष्ठीला' हा शब्द आपल्या वैद्यकास नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे जे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत वाताष्ठीला हा एक आहे. उतारवयात लघवी अडणे ही तक्रार किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

या ग्रंथीस वयोमानाप्रमाणे दोन निरनिराळे विकार जडतात. पहिला म्हणजे तिची साधी वाढ. ही वाढ मूत्रमार्गालगतच्या आतील भागात होते. त्यामुळे मार्ग दाबला जाऊन धार बारीक होणे, थांबून थांबून लघवी होणे, रात्री उठावे लागणे ही लक्षणे लवकर दिसू लागतात. दुसरा विकार म्हणजे कर्करोग. दहापैकी सुमारे सात प्रसंगी तो ग्रंथीच्या बाहेरील भागात उद्भवतो. हा भाग मूत्रमार्गापासून दूर असल्याने प्रारंभी रुग्णास काहीच जाणवत नाही.

या शारीररचनेतून दोन निष्कर्ष निघतात. लघवीचा त्रास झाला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. बहुसंख्य रुग्णांत ती साधी वाढच असते. उलट, लघवीचा काही त्रास नाही म्हणून कर्करोग नाही, असेही म्हणता येत नाही. लक्षणांवरून गुण देणारी सात प्रश्नांची जी आंतरराष्ट्रीय प्रश्नावली वापरात आहे, तिची मर्यादाही हीच आहे. तीत ० ते ७ गुण म्हणजे सौम्य, ८ ते १९ म्हणजे मध्यम आणि २० ते ३५ म्हणजे तीव्र त्रास असे मानतात. ही प्रश्नावली घरी बसून भरता येते आणि उपचाराची गरज ठरविण्यास उपयोगीही पडते. परंतु ती अडथळा मोजते, कर्करोग नव्हे.

२. प्रश्नाचे परिमाण

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात या रोगाचे सुमारे १४ लाख ६७ हजार नवे रुग्ण निष्पन्न झाले आणि सुमारे ३ लाख ९७ हजार मृत्यू घडले. भारतासाठी हेच आकडे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण व सुमारे १८ हजार मृत्यू असे आहेत. म्हणजे जगात शंभर नव्या रुग्णांमागे सुमारे २७ मृत्यू, तर भारतात सुमारे ४८.

या तुलनेचा अर्थ मात्र सावधपणे लावावयास हवा. पाश्चात्त्य देशांत रक्ततपासणी सर्रास होत असल्याने, एरवी आयुष्यभर त्रास न देणारे अनेक सौम्य कर्करोगही तेथे 'रुग्ण' म्हणून मोजले जातात. छेद फुगला की गुणोत्तर आपोआप घटते. तेव्हा दोन्ही आकड्यांतील सर्व अंतर उपचाराच्या उणिवेचे आहे असे मानणे चूक ठरेल. पण ते सर्व अंतर केवळ मोजणीचे आहे असेही नाही. रोग हाडांत पसरल्यानंतर रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या माणसाची कथा त्या आकड्यांत सामावलेली आहे.

खानदेशापुरते नेमके काय चित्र आहे, हे सांगण्यास आधार तोकडा पडतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या कालखंडाचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकसंख्याधारित अशा २८ नोंदणीकेंद्रांची माहिती आहे. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, बार्शी, तत्कालीन औरंगाबाद आणि तत्कालीन उस्मानाबाद व बीड यांचा त्यात समावेश होता. जळगाव, धुळे व नंदुरबार यांचा नव्हता. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ आणि धुळे जिल्ह्याची २०,५०,८६२ होती. म्हणजे बासष्ट लाखांहून अधिक लोकवस्तीचा हा प्रदेश त्या अहवालाच्या कक्षेबाहेर राहिला. जेथे नोंद नसते, तेथे रोग नाही असा भ्रम सहज रुजतो.

३. रक्ततपासणी काय सांगते

अष्ठीला ग्रंथीच्या पेशी एक विशिष्ट प्रथिन स्रवतात व त्याचा अल्प अंश रक्तात उतरतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून यास 'पीएसए' म्हणतात. हे प्रथिन १९७९ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. अमेरिकेत १९८६ मध्ये ज्ञात रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी आणि १९९४ मध्ये निदानास साहाय्य म्हणून त्याच्या मोजणीस मान्यता मिळाली.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावयास हवी. हे प्रथिन ग्रंथीचे आहे, कर्करोगाचे नव्हे. ग्रंथी साधी वाढली, तिला सूज आली, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला, लघवी अडून नळी घालावी लागली, तरी ते वाढते. म्हणूनच मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन गेल्यावर सुमारे सहा आठवडे, आणि वीर्यस्खलन किंवा भारी व्यायाम झाल्यावर दोन दिवस, ही तपासणी करू नये असा संकेत आहे. उलटपक्षी, ग्रंथीच्या वाढीवर दिली जाणारी फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ही औषधे काही महिने घेतल्यास रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. अशा माणसाचा '३' हा आकडा वस्तुतः '६' समजावा लागतो.

परंपरेने मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही सीमारेषा मानली गेली. पण ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ४ ते १० या पट्ट्यात आढळणाऱ्या पुरुषांपैकी साधारणतः चौघांतील एकासच कर्करोग निघतो, असे पाश्चात्त्य अनुभव सांगतो. दुसरीकडे, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ४ किंवा त्याहून कमी प्रमाण असलेल्या पुरुषांची ऊतकपरीक्षा केली असता सुमारे १५ टक्क्यांत कर्करोग आढळला. रेषेच्या वर निर्दोष आणि रेषेच्या खाली रोगी, असे दोन्ही प्रकार संभवतात.

४. चाळणीपरीक्षेचा लाभ व त्याची किंमत

निरोगी दिसणाऱ्या माणसांची सरसकट तपासणी करून रोग हुडकणे म्हणजे चाळणीपरीक्षा. तिने खरोखर मृत्यू टळतात काय, या प्रश्नाचा निकाल तीन मोठ्या प्रयोगांनी थोड्याफार फरकाने दिला आहे. अमेरिकेतील सुमारे ७६ हजार पुरुषांच्या प्रयोगात लाभ दिसला नाही. मात्र तेथे ज्यांना तपासावयाचे नव्हते त्यांपैकीही अनेकांनी परस्पर तपासणी करून घेतल्यामुळे तुलना बोथट झाली. ब्रिटनमध्ये एकदाच तपासणीचे निमंत्रण देऊन पंधरा वर्षे पाठपुरावा केला असता या रोगाने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण ०.७८ टक्क्यांवरून ०.६९ टक्क्यांवर आले. युरोपीय देशांतील प्रयोगात ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तपासणी झाली. त्याचा २३ वर्षांचा वृत्तांत २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंमध्ये १३ टक्के घट दिसली. म्हणजे एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ पुरुषांस निमंत्रण द्यावे लागले आणि १२ जणांचे अधिक निदान करावे लागले.

त्या बारांपैकी अकरा जणांचे काय, हा या विषयातील मर्माचा प्रश्न आहे. त्यांच्यापैकी अनेकांचा रोग सुप्तच राहिला असता. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांनी मूत्रनियंत्रण व लैंगिक क्षमता यांस बाध येऊ शकतो. सुदैवाने या कोंडीतून वाट काढण्याचे दोन उपाय अलीकडे रूढ झाले आहेत. एक म्हणजे ऊतकपरीक्षेपूर्वी चुंबकीय प्रतिमांकन करणे. २०१७ च्या एका ब्रिटिश अभ्यासानुसार त्यायोगे सुमारे चौथ्या हिश्शाच्या पुरुषांची ऊतकपरीक्षा टळू शकते. दुसरा म्हणजे सौम्य रोगावर तत्काळ उपचार न करता त्यावर नियमित लक्ष ठेवणे. ब्रिटनमधील १,६४३ रुग्णांच्या प्रयोगात पंधरा वर्षांनंतर, देखरेख, शस्त्रक्रिया वा किरणोपचार यांपैकी काहीही वाट्यास आले असले तरी, या रोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. तपासणीचे मूल्य त्या तपासणीत नसून तिच्यामागे उभ्या असलेल्या साखळीत आहे. पुन्हा तपासणी, प्रतिमांकन, ऊतकपरीक्षा, देखरेख आणि उपचार ही साखळी अखंड असेल तर आकडा उपकारक ठरतो. ती तुटकी असेल तर तोच आकडा निव्वळ चिंता निर्माण करतो.

५. घरी वापरावयाची पट्टी

घरी वापरावयाच्या पट्टीचा विचार याच कसोटीवर करावा लागतो. पट्टीवरील प्रतिद्रव्ये रक्तातील प्रथिनास धरून ठेवतात आणि प्रमाण ठरावीक सीमेपलीकडे असल्यास रंगीत रेघ उमटते. म्हणजे तिच्याकडून आकडा मिळत नाही. केवळ 'वर' किंवा 'खाली' एवढेच उत्तर मिळते. ४.१ आणि ४० यांत तिच्या लेखी भेद नाही. औषधामुळे निम्मे झालेले प्रमाण ती ओळखत नाही; महिन्यापूर्वीच्या संसर्गाची चौकशी ती करीत नाही. ज्यांस पुढे जाऊन वैद्यास दाखवावयाचे आहे, त्यांस प्रयोगशाळेतील मोजणी पुन्हा करावीच लागते. आणि ज्याची रेघ उमटली नाही असा माणूस, कंबरेचे वाढते दुखणे असूनही, निश्चिंत होऊन घरी बसण्याचा धोका असतो. तेव्हा पट्टीचे दुहेरी नुकसान संभवते : निर्दोषास घोर आणि रोग्यास खोटा दिलासा.

मग घराचे काही कार्यच नाही काय? तसे नाही. त्यासाठी महाराष्ट्रातीलच एक अनुभव पाहणे उद्बोधक होईल.

६. बार्शीचा धडा

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगनोंदणी सुरू झाली. रुग्णालयात येणाऱ्यांची वाट पाहण्याऐवजी कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन गावकऱ्यांस भेटत, रोगाच्या खुणा समजावून सांगत आणि संशयित व्यक्तींस तपासणीस येण्यास प्रवृत्त करीत. या प्रचाराबरोबर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत होऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. त्या बदलामागे घरोघरी वाटलेले कोणतेही उपकरण नव्हते. संवाद आणि पाठपुरावा यांनी तो घडला.

पुढे तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणुपरीक्षेच्या एकाच फेरीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे त्यात दिसून आले. अर्थात गर्भाशयमुखाच्या कर्करोगास ओळखता येण्याजोगी व साध्या उपचाराने दूर होणारी पूर्वावस्था असते. अष्ठीलेच्या कर्करोगाचे तसे नाही. म्हणून उस्मानाबादची चाळणी येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. परंतु बार्शीचा धडा, म्हणजे माणसास वेळेवर दारापर्यंत आणण्याचा, येथे पुरेपूर लागू पडतो.

७. घराचे खरे कार्य

घराने उत्तर देण्याचा प्रयत्न करू नये. घराने योग्य प्रश्न तयार करून वैद्यापुढे न्यावा. हे प्रश्न चार प्रकारचे आहेत.

पहिला प्रश्न कुळाचा. वडील किंवा भाऊ यांपैकी एकास हा रोग झाला असल्यास धोका सुमारे दुपटीने वाढतो. एकाहून अधिक आप्तांस झाला असल्यास तो आणखी वाढतो. बीआरसीए-२ या जनुकातील दोष मातृकुळाकडूनही येऊ शकतो. म्हणून मामा व आजोबा यांची, तसेच आई, मावशी, आत्या किंवा बहीण यांना झालेल्या स्तनाच्या वा बीजकोशाच्या कर्करोगाची माहितीही तितकीच मोलाची ठरते. ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ती घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या स्मरणात असते.

दुसरा प्रश्न वयाचा. निरोगी पुरुषाने रक्ततपासणी करावी किंवा नाही, याचा विचार ५५ ते ६९ या वयात वैद्याशी बोलून, लाभ व हानी दोन्ही समजून घेऊन करावा, असा अमेरिकेतील अधिकृत मंडळाचा २०१८ चा सल्ला आहे. सत्तरीनंतर सरसकट तपासणी करू नये असेही त्याने सांगितले आहे. कुळात रोग असणाऱ्यांनी मात्र हा विचार पंचेचाळिशीच्या सुमारासच करणे इष्ट. तिसरा प्रश्न औषधांचा व अलीकडील आजारांचा. कोणत्या गोळ्या चालू आहेत, लघवीस जळजळ वा ताप कधी आला होता, याची नोंद कागदावर असावी.

चौथा प्रश्न धोक्याच्या खुणांचा. लघवीतून रक्त जाणे, लघवी पूर्ण अडणे, विश्रांतीनेही न शमणारी व रात्री वाढणारी कंबरदुखी, कारणाशिवाय वजन घटणे, या खुणा चाळणीच्या कक्षेत येत नाहीत. त्या रोगनिदानाच्या कक्षेत येतात व वयाची अट न लावता तपासणी मागतात. पायांतील बळ कमी होणे किंवा बधिरता येणे ही तर तातडीची अवस्था होय. मणक्यात पसरलेला रोग मज्जारज्जूस दाबत असल्यास उपचारास झालेला थोडासा उशीरही माणसास कायमचा अंथरुणास खिळवू शकतो. या अवस्थेतही पुरुषी संप्रेरकाचा पुरवठा तोडणारे उपचार रोगास बराच काळ आवर घालू शकतात. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हे दाखवून दिले आणि १९६६ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

८. खानदेशातील साखळी

येथवरच्या विवेचनाचा व्यवहारातील अर्थ दोन्ही जिल्ह्यांच्या संदर्भात पाहणे अगत्याचे आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या चाळणीपरीक्षेची केंद्र सरकारची रूपरेषा २०१६ साली आली. तीत मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा अंतर्भाव आहे, अष्ठीलेचा नाही. वर पाहिलेली लाभहानीची गणना ध्यानात घेता हे गैर म्हणता येणार नाही. परंतु या योजनेमुळे घरोघरी जाणारी आशा कार्यकर्ती गावात आहे, ही जमेची बाजू होय.

अडचण आहे ती संकोचाची. आशा ही गावातीलच स्त्री, बहुधा कोणाची तरी सून, असते. सासऱ्याच्या वयाचा पुरुष तिच्यापाशी लघवीची तक्रार उच्चारणार नाही, आणि तीही ती विचारणार नाही. घरातही बहुधा पत्नीसच रात्रीच्या उठण्याचा अंदाज असतो. तेव्हा कुळाची माहिती आशेने स्त्रियांकडून घ्यावी आणि लक्षणांची चौकशी उपकेंद्रातील पुरुष आरोग्यसेवकाने करावी, अशी विभागणी केल्यास खर्च न वाढविता पहिला दुवा बळकट होऊ शकेल.

पुढील दुवे पूर्वीपेक्षा जवळ आले आहेत. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगाव येथे २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची आरोग्य योजना २०१२ च्या जुलैमध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. पुढील वर्षी ती जळगावसह राज्यभर लागू झाली. तरीही साक्री तालुक्यातील पाड्यावरून धुळ्यास किंवा रावेरच्या टोकावरून जळगावास येणे म्हणजे एका मजुरीचा दिवस बुडविणे होय. एका आकड्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस माणूस गळतो. म्हणून पहिल्याच भेटीत बोटाने चाचपणी, रक्ताचा नमुना आणि लघवीची तपासणी या तिन्ही गोष्टी उरकणे, हा शीघ्र निदानाचा पट्टीपेक्षा अधिक परिणामकारक मार्ग आहे.

विद्यापीठातील संशोधनासही येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. पहिल्या तक्रारीपासून ऊतकपरीक्षेपर्यंत किती दिवस गेले, त्यांतील किती घरात गेले, किती प्रवासात आणि किती रुग्णालयांच्या रांगेत, याची रुग्णागणिक मांडणी दोन्ही जिल्ह्यांत करता येण्याजोगी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील असे हे काम आहे, आणि रुग्णांची संमती व नावांची गुप्तता सांभाळून केल्यास त्यातून निघणारी माहिती कोणत्याही परदेशी प्रयोगाच्या आकड्यापेक्षा येथे अधिक उपयोगी पडेल. साखळी कोठे तुटते हे कळल्याखेरीज ती सांधता येत नाही; आणि ती सांधली जाईपर्यंत वय व कष्ट यांच्या नावावर खपणारी प्रत्येक न शमणारी कंबरदुखी एकदा तरी वैद्याच्या नजरेखालून जाणे, एवढे तरी प्रत्येक घराने आपले कर्तव्य मानावयास हवे.